मोटारीचे रडार आणि एक अंश

इंदूरच्या वाचकांना भंवरकुआं चौकाची ओळख करून देण्याचे कारण नाही. आग्रा-मुंबई रस्ता आणि खंडव्याकडे जाणारा रस्ता यांच्या संगमावरचा हा चौक. जवळच १८९१ साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय, थोड्या अंतरावर विद्यापीठाचा परिसर, आणि अवतीभवती शिकवणीवर्ग, वसतिगृहे, पुस्तकांची दुकाने. २०२१ मध्ये या चौकास टंट्या मामांचे नाव देण्यात आले. तरी रिक्षावाल्यास पत्ता सांगताना लोकांच्या तोंडी भंवरकुआंच येते. शिकवण्या सुटल्या म्हणजे येथे सायकली, स्कूटर, ई-रिक्षा, बसगाड्या आणि पायी चालणारी मुले यांचा जो प्रवाह एकमेकांत मिसळतो, तो पाहून परगावचा पाहुणा क्षणभर रस्त्याच्या कडेलाच उभा राहतो. अशा गर्दीत मोटारीस लहानसा धक्का बसणे ही नवलाची गोष्ट नव्हे. पूर्वी असा धक्का बसला की पत्रा ठोकून सरळ करावा, रंगाचा हात फिरवावा, की काम झाले. आता तसे राहिलेले नाही. नव्या मोटारींपैकी अनेकींच्या नाकात एक छोटे रडार बसविलेले असते, आणि पत्रा सरळ झाला म्हणून रडारही सरळ झाले असे होत नाही. हा फरक काय आहे, तो का महत्त्वाचा आहे आणि धडकेनंतर ते रडार पुन्हा जागेवर कसे आणतात, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

भंवरकुआं या नावात विहीर आहे, तेव्हा विहिरीपासूनच आरंभ करू. खोल विहिरीत डोकावून हाक मारली की आपलाच आवाज परत येतो. विहीर जितकी खोल, तितका तो उशिरा येतो. रडारचे मूळ तत्त्व याहून वेगळे नाही; हाकेच्या जागी विद्युत्‌चुंबकीय लहर घ्यावी, एवढेच. जर्मनीतील क्रिस्टियान ह्यूल्समायर यांनी १९०४ साली कोलोन शहरात ऱ्हाईन नदीवर या तत्त्वाचे पहिले प्रात्यक्षिक दाखविले. धुक्यात जहाजांची टक्कर होऊ नये, हा त्यांचा हेतू होता. म्हणजे रडारचा जन्मच टक्कर टाळण्यासाठी झाला असे म्हणावयास हरकत नाही. युद्धात त्याला कामास लावले ते नंतर.

मोटारीतील रडार ज्या लहरी वापरते त्या फार आखूड असतात. त्यांची कंपनसंख्या सुमारे ७७ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ७,७०० कोटी कंपने. एका लहरीची लांबी चार मिलिमीटरांहून किंचित कमी, साधारण तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी. इतक्या आखूड लहरी निर्माण करून त्यांवर प्रयोग करण्याचा मान आपल्याच देशातील जगदीशचंद्र बोस यांच्याकडे जातो. कलकत्त्यास १८९५ च्या सुमारास त्यांनी पाच मिलिमीटरांच्या आसपासच्या लहरी हाताळल्या होत्या. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९९९ मध्ये, मर्सिडीज कंपनीने ७७ गिगाहर्ट्‌झचे रडार विकाऊ मोटारीत बसविले. आपल्याकडे २०१५ मध्ये सरकारने ७६ ते ७७ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अशा कमी शक्तीच्या रडारांसाठी परवान्याविना खुला केला, आणि २०२० नंतर ही सोय भारतातील मोटारींत अधिक प्रमाणात दिसू लागली. पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या काही गाड्याही रडार घेऊनच बाहेर पडतात.

हे रडार कोठे असते? बहुधा पुढच्या बंपरच्या खालच्या जाळीमागे, किंवा कंपनीच्या बोधचिन्हामागे. आकाराने ते शिसपेन्सिली ठेवण्याच्या कंपासपेटीहूनही लहान असते. त्याचे मुख गुळगुळीत प्लॅस्टिकचे. त्यामागे तांब्याच्या बारीक पट्ट्यांची छापील पाटी. त्यांतील काही पट्ट्या लहर सोडतात, काही परतलेली लहर टिपतात. पुढील वाहन किती अंतरावर आहे, ते जवळ येत आहे की दूर जात आहे, आणि नेमके कोणत्या दिशेस आहे, हे तीन प्रश्न या पाटीने सोडवावयाचे असतात. त्यांतील पहिले दोन समजून घेतल्याखेरीज तिसऱ्याचे मर्म कळणार नाही.

अंतराचा प्रश्न घेऊ. प्रकाशाप्रमाणे ही लहर सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धावते. पंचाहत्तर मीटरांवरील ट्रकवर आपटून ती परत येईपर्यंत जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचाही अर्धा भाग, लोटतो. इतका अल्प काळ घड्याळाने मोजण्याऐवजी येथे एक सुरेख युक्ती योजलेली असते. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. ही युक्ती आम्हांस सूत्रांतून नव्हे तर तंबोऱ्यावरून उमगली. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा मिळवताना त्या अगदी एका स्वरात नसतील तर आवाजात एक थरथर ऐकू येते. स्वरांत फरक जास्त असेल तर थरथर जलद, फरक कमी झाला तर संथ, आणि तारा जुळल्या की ती नाहीशी होते. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या या गावात तंबोरा कसा मिळवतात हे निराळे सांगावयास नको. रडार हेच करते. ते एकाच स्वरावर न थांबता अत्यंत वेगाने खालून वर चढत जाणारा स्वर लावते. प्रतिध्वनी परत येतो तो थोड्या वेळापूर्वीचा, म्हणजे किंचित खालचा स्वर घेऊन. तोपर्यंत रडारचा स्वतःचा स्वर वर गेलेला असतो. दोन स्वर एकत्र केले की त्यांच्यातील फरकाची थरथर मिळते, आणि ती थरथर जितकी जलद तितका अडथळा दूर. समजा, पन्नास मायक्रोसेकंदांत स्वर पन्नास कोटी कंपनांनी चढतो. मग अर्ध्या मायक्रोसेकंदात तो पन्नास लाखांनी चढेल. पन्नास लाखांची थरथर मोजणे यंत्रास मुळीच अवघड नाही.

वेगाचा प्रश्न याहून सोपा. आगगाडी शिटी देत फलाटावरून निघून गेली की शिटीचा सूर उतरतो, हे सर्वांनी ऐकले आहे. जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेली लहर थोडी चढते, दूर जाणारीवरून परतलेली थोडी उतरते. दोन वाहने ताशी ३६ किलोमीटरांच्या सापेक्ष वेगाने जवळ येत असतील, तर ७७ गिगाहर्ट्‌झच्या लहरीत सेकंदाला सुमारे पाच हजार कंपनांचा फरक पडतो. तो यंत्रास स्पष्ट कळतो.

राहिला दिशेचा प्रश्न. आणि आमच्या विषयाचे सारे मर्म येथे आहे. लहर टिपणाऱ्या पट्ट्या शेजारी-शेजारी, एकमेकींपासून एक-दोन मिलिमीटरांच्या हिशेबाने मांडलेल्या असतात. समोरून सरळ आलेली लहर सर्वांवर एकाच क्षणी पोचते. तिरपी आलेली एकीवर आधी आणि दुसरीवर किंचित नंतर. त्या फरकावरून रडार कोन काढते. पण कोन कशापासून मोजावयाचा? रडारला मोटार कोणत्या बाजूस तोंड करून उभी आहे हे दिसत नाही. त्याला ठाऊक असते ते स्वतःचे मुख. आपल्या मुखासमोर जे आहे ते मोटारीसमोर आहे, असे ते गृहीत धरते.

म्हणून धडकेनंतर रडार वाकडे झाले, तर ते अंतर बरोबर सांगते, वेगही बरोबर सांगते, आणि दिशा मात्र चुकीची सांगते. तेही पूर्ण विश्वासाने. बंद पडलेले यंत्र परवडते. त्याचा दिवा लागतो, चालक सावध होतो. वाकडे पाहणारे यंत्र परवडत नाही.

वाकडेपणा किती असला म्हणजे घातक? येथे शाळेतील त्रिकोणमिती कामास येते. एक अंशाचा फरक शंभर मीटरांवर जाऊन पाऊणेदोन मीटर होतो. दोन अंशांचा साडेतीन मीटर. आणि आपल्या महामार्गांवर वाहनांच्या एका पट्ट्याची रुंदी साधारण साडेतीन मीटरच धरलेली असते. म्हणजे रडार डावीकडे दोन अंश वळले, तर शंभर मीटरांवरील डाव्या पट्ट्यातील ट्रक त्यास थेट आपल्या समोर दिसू लागतो, आणि खरोखर समोर असलेली मोटार उजव्या पट्ट्यात आहे असा त्याचा समज होतो. दोन अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा वीस सेकंदांत जेवढा सरकतो तेवढे. बंपर उघडून नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्या कारागिरास ते दिसणार नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या मोटारीस असाच प्रसंग घडला. भंवरकुआं चौकातून वळताना एक मालवाहू रिक्षा मागे सरकली आणि मोटारीच्या पुढील भागास डाव्या कोपऱ्याजवळ टेकली. वेग इतका कमी की आतल्या माणसांना धक्काही फारसा जाणवला नाही. बंपरला चीर गेली होती, ती एका वर्कशॉपमध्ये सांधून, रंगवून मोटार दोन दिवसांत घरी आली. समोरच्या फलकावर कोणताही दिवा लागलेला नव्हता. पंधरा दिवसांनी ही मंडळी शहराबाहेरील रुंद रस्त्याने जात होती. उजवा पट्टा मोकळा, डाव्या पट्ट्यात एक लादलेला ट्रक संथ गतीने चाललेला. मोटारीने एकाएकी आपण होऊन करकचून ब्रेक लावला. मागून स्कूटरवर एक जोडपे येत होते. स्कूटरवाल्याने हँडल वळविले म्हणून ते वाचले. मोटारीतील आजीबाईंनी तेव्हापासून पुढच्या आसनावर बसण्याचे सोडले आहे, आणि आम्हांस त्यांचा निर्णय मुळीच भित्रेपणाचा वाटत नाही. पुढे दुसऱ्या ठिकाणी बंपर उतरविला तेव्हा ज्या लोखंडी पट्टीवर रडार बसते ती पट्टी डाव्या बाजूने आत दबलेली आढळली. पट्टीची डावी कड मागे गेली की तिच्यावरील रडारचे मुख डावीकडे वळणार, हे कागदाचा एक तुकडा हातात धरून कोणीही पाहू शकेल.

दिवा का लागला नाही, असे त्या कुटुंबातील मुलाने आम्हांस विचारले. प्रश्न रास्त होता. यंत्र स्वतःची परीक्षा घेते ती मुख्यतः वीज येते आहे काय, तारा जोडलेल्या आहेत काय, आतील भाग चालू आहेत काय, अशी असते. आपले मुख कोठे वळले आहे हे समजावयास त्यास बाहेरील खुणा पाहाव्या लागतात, आणि त्याला पुष्कळ रस्ता काटावा लागतो. काही रडारे बऱ्याच चालीनंतर वाकडेपणा ओळखून दिवा लावतातही. पण तोपर्यंत मोटार रस्त्यावरच असते.

आता दुरुस्तीकडे वळू. चांगला कारागीर हत्यार हाती घेण्यापूर्वी मोटारीस स्कॅनर जोडतो आणि यंत्रांच्या स्मरणात नोंदलेले दोष लिहून घेतो. मग बंपर उतरवून आतील लोखंडी पट्टा, रडारची पट्टी, तिचे स्क्रू, तारांचा सांधा आणि सांध्यात पाणी शिरले आहे काय, हे पाहतो. रडारची पेटी मात्र उघडावयाची नसते. आतील पट्ट्यांची मांडणी मिलिमीटराच्या अंशाने ठरलेली आणि पेटी ओल शिरू नये म्हणून बंद केलेली असते. तिला चीर गेली वा तिचे कान तुटले तर ती बदलणे हाच उपाय. नवी पेटी बसविल्यावर आपण कोणत्या मोटारीत आहोत हे तिला संगणकाद्वारे शिकवावे लागते. एका मोटारीतील जुनी पेटी काढून दुसरीत बसविण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण काही कंपन्यांच्या पेट्या पहिल्या मोटारीशी अशा बांधलेल्या असतात की दुसरीत त्या चालतच नाहीत. पट्टी वाकली असेल तर ती ठोकून सरळ करू नये, बदलावी. हातोडीने सरळ केलेली पट्टी डोळ्यास सरळ दिसते, आणि आपण वर पाहिलेच आहे की डोळ्यास दोन अंश दिसत नाहीत.

बंपरची गोष्ट आणखी मौजेची आहे. आपण बंपरला केवळ आवरण समजतो. रडारच्या दृष्टीने ती खिडकीची काच आहे, कारण लहर त्यातूनच जाते-येते. प्लॅस्टिकमध्ये शिरल्यावर लहर आखडते, आणि प्लॅस्टिकची जाडी त्या आखडलेल्या लहरीच्या अर्ध्या लांबीच्या पटीत असेल तर पुढच्या व मागच्या पृष्ठभागांवरून परतणारे अंश एकमेकांस मारतात व लहर जवळजवळ निर्वेध पार होते. कारखान्यात जाडी या हिशेबानेच ठरवितात. त्यावर कारागिराने चीर बुजविण्यासाठी मिलिमीटरभर पुट्टी भरली, वर धातूची चमक असलेल्या रंगाचे चार थर दिले, की काच धुरकट झाली असे समजावे. लहर काही मागे फिरते, काही वाकते. म्हणूनच रडारसमोरील भागावर पुट्टी भरू नये, तेथे प्लॅस्टिक वितळवून सांधू नये आणि रंगाची जाडी ठराविक मर्यादेत ठेवावी, असे मोटारी बनविणारे बजावतात. हौसेने लावलेली चिकटपट्टी, लिंबू-मिरचीच्या तारेचा झुबका किंवा पुढे बसविलेला पोलादी गार्ड यांनाही तोच नियम. असे गार्ड २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बेकायदेशीर ठरविले. ते पादचाऱ्यांस घातक असतात आणि हवेच्या पिशव्यांच्या कामातही अडथळा आणू शकतात. रडारसमोर लोखंडी नळी उभी करणे म्हणजे डोळ्यांसमोर हात धरून चालणे होय.

पट्टी नवी, पेटी नीट, बंपर योग्य. तरीही काम अर्धेच झाले. आता रडारला मोटारीची खरी दिशा शिकवावयाची. उज्जैनच्या सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांना तेथील वेधशाळा आठवत असेल. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ती उभारली. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत नेमकी उत्तरेकडे रोखलेली असून तिचा चढ उज्जैनच्या अक्षांशाएवढा, सुमारे तेवीस अंशांचा आहे. तीच भिंत, एक दगडही न हलविता, साडेअठरा अक्षांशावरील पुण्यात नेऊन ठेविली तर चुकीची वेळ दाखवील. यंत्रात दोष नाही, पण स्थापनेत दोष आहे. रडारची स्थापना हाच प्रकार.

मोटारीची दिशा म्हणजे कोणती? बॉनेटवरील बोधचिन्हापासून सरळ पुढे काढलेली रेषा, असे कोणी म्हणेल. आणि आम्हीही ऐकीव माहितीवर तसेच समजून चाललो असतो, जर एका जाणत्या मिस्त्रीने समजावून दिले नसते. धडकलेल्या मोटारीचे बॉनेट आणि बंपर हेच मुळी सरकलेले असू शकतात. मोटार खरोखर ज्या दिशेने जाते ती दिशा मागच्या दोन चाकांनी ठरते. पुढची चाके आपण वळवून सरळ करतो. मागची चाके जिकडे ढकलतील तिकडे गाडी जाते. मागचा आस तिरका असेल तर मोटार खेकड्यासारखी किंचित तिरपी चालते, आणि चालकास ते कळतही नाही. म्हणून आधी चारही चाकांचे अलाइनमेंट, मग रडार. हा क्रम उलटा झाला तर सारा खटाटोप फुकट.

मग जागेची तयारी. जमीन समपातळीत हवी, चारही टायरांत ठरलेली हवा हवी, डिकीत सामान नको. डिकीत गव्हाचे पोते असले तर मोटारीचे नाक वर उचलले जाते आणि रडार आकाश पाहू लागते. खालीवर झालेला कोनही आडव्या कोनाइतकाच त्रासदायक. वर पाहणाऱ्या रडारास पुलाची तुळई आणि दिशादर्शक फलकाची कमान अडथळा वाटू शकते. खाली पाहणाऱ्याची दूरदृष्टी घटते आणि रस्त्यातील लोखंडी झाकणे त्यास भिवविण्याची शक्यता वाढते. काम चालू असता मोटारीची वीज बराच वेळ सुरू ठेवावी लागते, म्हणून बॅटरीस चार्जर जोडतात. समोरची जागाही रिकामी करतात. आम्ही पाहिले त्या ठिकाणी दोन माणसांनी तेलाचे पिंप आणि एक लोखंडी कपाट ओढून बाहेर नेले. धातूची कोणतीही वस्तू ठळक प्रतिध्वनी देते, आणि या परीक्षेत एकाच वस्तूचा प्रतिध्वनी हवा असतो.

ती वस्तू म्हणजे तीन धातूच्या पत्र्यांचा कोपरा. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी परस्परांशी काटकोनात भेटतात, तसे तीन पत्रे जोडलेले असतात. या कोपऱ्याचा गुण असा की, त्याच्या पोटात कोणत्याही बाजूने आलेली लहर तिन्ही पत्र्यांवर आपटून जिकडून आली तिकडेच परत जाते. म्हणूनच तो रडारला ठळक दिसतो. १९६९ साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेविलेले परावर्तक याच तत्त्वाचे, आणि २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरबरोबर गेलेले अमेरिकेचे छोटे परावर्तकही याच तत्त्वाचे. सायकलीच्या मागील लाल काचेच्या आत पाहावे. तेथे असे शेकडो इवले कोपरे असतात.

लेसरच्या किरणाने मोटारीची खरी मध्यरेषा जमिनीवर काढतात आणि कंपनीने सांगितलेल्या अंतरावर व उंचीवर हा कोपरा उभा करतात. अंतर कोणतेही घेऊन चालत नाही. प्रत्येक मोटारीचे निराळे असते, आणि अंदाजपंचे केलेले मोजमाप म्हणजे न केलेलेच. मग स्कॅनरवरून आज्ञा देताच रडार कोपरा शोधते आणि आपणांस तो किती अंश डावी-उजवीकडे, किती अंश वर-खाली दिसतो हे कळविते. कोपरा खरोखर कोठे आहे हे माहीत असल्याने दोहोंतील फरक हाच रडारचा वाकडेपणा. काही रडारांना त्यासाठी स्क्रू असतात. ते फिरवून मुख वळवितात. इतरांत हा फरक संगणकाच्या स्मरणात लिहून ठेवतात, म्हणजे रडार पुढे प्रत्येक उत्तरातून तेवढा वजा करते. पण अशा वजाबाकीस मर्यादा आहे. वाकलेली पट्टी तशीच ठेवून संगणकाकडून हिशेब जुळवून घेण्याची युक्ती योजणारे मिस्त्री आहेत. ती युक्ती आम्हांस पसंत नाही. अशा रडारच्या दृष्टीच्या पंख्याची एक बाजू कायमची कमी होते.

अनेक मोटारींत याच्या जोडीला, किंवा याऐवजी, रस्त्यावर चालवून परीक्षा घ्यावी लागते. तिचे तत्त्व फारच सुंदर आहे. रस्त्याकडेचे खांब स्थिर असतात. मोटार ताशी साठच्या वेगाने चालली असता अगदी नाकासमोरील स्थिर वस्तू तिच्याकडे साठच्याच वेगाने येते. पण वीस अंश बाजूस असलेला खांब साडेछप्पनच्या आसपास वेगाने जवळ येताना दिसतो, कारण वीस अंशांची कोज्या ०.९४ आहे. रडारला चाकांवरून स्वतःचा वेग ठाऊक असतो आणि प्रत्येक खांबाचा वेग ते मोजतेच. मग खांब खरोखर किती अंशांवर असला पाहिजे, हे गणिताने निघते. आपणांस दिसलेला कोन आणि गणिताचा कोन यांत शेकडो खांबांपाशी सारखाच फरक आढळला, तर तो खांबांचा नव्हे, आपलाच. कोज्येचे कोष्टक कशाला पाठ करावयाचे, असे विचारणाऱ्या आमच्या नववीच्या मुलांना आम्ही हल्ली हे उदाहरण देतो.

या परीक्षेस सरळ रस्ता, स्थिर वेग आणि दोहो बाजूंस लोखंडी खांब किंवा कठडे लागतात. भंवरकुआं चौकात तिचे नाव काढू नये. तेथे दहा मीटरही एका वेगाने जाता येत नाही. मिस्त्री लोक त्यासाठी शहराबाहेर, बायपासकडे जातात, तेही पहाटे. मोटारी बनविणाऱ्या कंपन्यांना मात्र इंदुराजवळच एक उत्तम जागा लाभली आहे. धार जिल्ह्यात पीथमपूर येथील ‘नॅट्रॅक्स’ या परीक्षणकेंद्राचा ११.३ किलोमीटरांचा वेगमार्ग २०२१ च्या जून महिन्यात सुरू झाला. नव्या गाड्यांच्या चाचण्या अशा ठिकाणी होतात. धडकलेल्या गाडीला मात्र सार्वजनिक रस्त्यावरच परीक्षा द्यावी लागते, म्हणून ती घेणारा माणूस जबाबदार हवा.

खर्चाचा प्रश्न घरोघर निघतो. रडार जागेवर आणण्याचे काम बंपर रंगविण्याहून महाग पडू शकते, आणि विम्याच्या अंदाजपत्रकात ते सुरुवातीसच लिहिले नसेल तर पुढे वाद होतो. म्हणून विमा कंपनीचा सर्व्हेअर मोटार पाहण्यास येईल तेव्हाच मोटारीत रडार असल्याचे त्यास सांगावे. काम झाल्यावर स्कॅनरचे दोन कागद मागून घ्यावेत, दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा. नंतरच्या कागदावर रडारचा आडवा व उभा कोन आकड्यांत लिहिलेला असेल तर उत्तमच. ‘दिवा गेला साहेब, आता काळजी नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. वर सांगितलेल्या मोटारीत दिवा लागलाच नव्हता. आणि हे कागद हाती येईपर्यंत आपोआप ब्रेक लावणारी सोय फलकावरून बंद करता येत असेल तर बंद ठेवावी व पूर्वीप्रमाणे स्वतःच्या डोळ्यांवर मोटार हाकावी. वाकडे रडार मागच्या स्कूटरस्वारालाही धोक्यात घालते, आणि त्याने तर मोटार विकत घेतलेली नसते.

ज्या विद्यार्थ्यांना रडारचा कोपरा हाताळून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. काचवाल्याकडून तळहाताएवढे तीन चौकोनी आरसे कडा घासून घ्यावेत. एक टेबलावर उताणा ठेवावा, उरलेले दोन त्यावर उभे करून एकमेकांशी काटकोनात चिकटवावेत. कोन गुण्याने तपासावेत. आता एक डोळा मिटून कोपऱ्यात पाहावे. डोके डावीकडे न्या, उजवीकडे न्या, वर करा वा खाली करा, तिन्ही आरसे मिळतात त्या बिंदूवर आपला उघडा डोळाच आपल्याकडे पाहत असलेला दिसेल. मग एका उभ्या आरशाखाली दुमडलेला कागद सरकवून तो किंचित कलता करावा, आणि डोळा कोठे जातो ते पाहावे.